मच्छिंद्रने नातवाला खाली ठेवलं

सोमवार, दि. १२ फेब्रुवारी २०२४ रोजी मच्छिंद्र येळवंडे याने आमच्या पतसंस्थेच्या सोनई शाखेतून अठरा हजार सहाशे पन्नास रुपये काढले. एका हाताने त्याने स्लिप भरली, कारण दुसऱ्या हाताने खांद्यावरचा नातू धरलेला होता. नातवाचं नाव आदिनाथ. पाच वर्षांचा व्हायला त्याला दोन महिने कमी होते. पाय सरळ, ताठ, आजोबाच्या पोटावर आडवे; तोंड मात्र सारखं चालू.

“साहेब, खुर्ची घ्यायचीय,” मच्छिंद्र म्हणाला.

“तुला खुर्च्यांची काय कमी? गोडाऊन भरलंय की.”

“चाकाची.”

मी रोखपालाला पैसे द्यायला सांगितलं.

मच्छिंद्र आणि मी दहावीपर्यंत एका बाकावर बसलो. पुढे मी नगरला कॉमर्सला गेलो, तो नेवाशाच्या एका मांडववाल्याकडे बांबू उचलायला गेला. संस्थेच्या काउंटरवर तो मला साहेब म्हणतो. पायऱ्या उतरल्या की लगेच ‘अय शाखाधिकारी’. आमची घरं एकाच गल्लीत, त्याचं गोडाऊन माझ्या घरासमोर. त्यामुळे पुढे जे सांगतो आहे, त्यातलं बरंचसं मी समोरून पाहिलेलं आहे.

वडील विहिरी खणायचे. घरात जमीन नव्हती. मच्छिंद्रने दुसऱ्याचे बांबू वाहता वाहता स्वतःचे वीस घेतले, मग ताडपत्र्या, मग लोखंडी पाइप, खुर्च्या, गाद्या आणि शेवटी टेम्पो. आज आसपासच्या गावांत लग्न, सप्ताह, दहावा काहीही असो, ‘येळवंडे मंडप’ हे ठरलेलंच. कामाचा चोख आणि भावाला कडक माणूस. पण त्याची एक खोड सगळ्या पंचक्रोशीला माहीत आहे. उभा केलेला खांब आपल्या पायावर उभा राहील, यावर त्याचा काडीचा विश्वास नाही. घोडेगावच्या एका लग्नात भर दुपारी वावटळ आली आणि मांडव छत्रीसारखा उलटा झाला. कुणाला लागलं नाही, पण त्या दिवसापासून जिथे दुसरे मांडववाले दोन दोर ताणतात तिथे हा चार ताणतो. पाहुणे त्या दोरांना अडखळतात, नवरदेवाचा मामा एकदा चक्क पालथा पडला होता. मच्छिंद्रचं उत्तर ठरलेलं: “मानूस पडला तर उठतो. मांडव पडला तर मला उठवावा लागतो.”

माणसाबद्दल हे बोलणारा मच्छिंद्र नातवाला मात्र जमिनीला पाय लावू द्यायचा नाही. त्याला कारण होतं, आणि ते कारण गोडाऊनच्या दारातच उभं असायचं: त्याचा टेम्पो.

मच्छिंद्रची एकुलती एक मुलगी स्नेहल. ती राळेगणसिद्धीच्या बाजूच्या एका गावात दिलेली. जावई हर्षल औटी सुप्याच्या एमआयडीसीत कंपनीत आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून २०१९ च्या मार्चमध्ये सातव्या महिन्याची ओटी भरून स्नेहलला सोनईला आणायचं ठरलं. त्याच दिवशी मच्छिंद्रचा पारनेरला मांडव होता. परत येताना टेम्पोची केबिन रिकामीच येणार होती. वेगळी गाडी कशाला करायची, असं ठरून लेकीला टेम्पोच्या केबिनमध्ये बसवून आणलं. येताना मागे पाइप खणखणत होते, रस्त्यात गतिरोधक होते. दोन आठवड्यांनी स्नेहलचं पाणी गेलं. बाळ दोन महिने आधी जन्मलं. वजन दीड किलोसुद्धा नाही. नगरला महिनाभर काचेच्या पेटीत होतं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात हर्षलची आई मनकर्णाबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, “लेक आनली का खांब आनले? दोन्हीत काय फरक तरी ठेवायचा हुता.”

मच्छिंद्रने मान खाली घातली. तो वाक्याला वाक्य परतवणारा माणूस. पण या वाक्याला त्याने आजवर उत्तर दिलेलं नव्हतं. त्यानंतर त्याने स्वतःच्या टेम्पोत पाऊल ठेवलं नाही. त्यासाठी ड्रायव्हर ठेवला आणि आपण मोटारसायकलवर मागून जाऊ लागला.

वर्षाचा होत आला तरी आदिनाथ बसेना, तेव्हा डॉक्टरांनी सेरेब्रल पाल्सी असं नाव सांगितलं. जन्माच्या आसपास मेंदूला इजा झालेली, त्यामुळे पायांचे स्नायू आखडलेले. व्यायाम सुरू केला तोच लॉकडाऊन लागला. नगरला जाणं बंद झालं, मग सवय मोडली. स्नेहल मुलासाठी माहेरीच राहिली, हर्षल सुट्टीला येऊ लागला. मूल हुशार निघालं. दुसऱ्या वर्षी बोलायला लागलं ते थांबलंच नाही. हाताने पेन्सिल धरी, गोडाऊनमधल्या पाइपांची मापं सांगी. पण पाय तसेच. मच्छिंद्रच्या बायकोने, आक्काबाईने, त्याला अंगणात सोडलं की मच्छिंद्र कुठूनतरी यायचा आणि उचलायचा. “कच्चं हाय ते अजून. हाडं भरली न्हाईत.” पाच वर्षं हेच वाक्य. कामावर जाताना खांद्यावर, हॉटेलात खांद्यावर, आमच्या संस्थेच्या वार्षिक सभेत खांद्यावर.

त्याचं गणित साधं होतं. दोन महिने पोटात कमी भरले, तेवढं पायात कमी पडलं. आणि ते दोन महिने टेम्पोने खाल्ले. खरं सांगायचं तर मलाही हे गणित पटत होतं. मुदत कमी तर व्याज कमी, हे आयुष्यभर बघितलेल्या माणसाला ते पटणारच.

खुर्चीच्या पैशांचा गठ्ठा खिशात घालून तो नगरच्या दुकानात गेला, तर दुकानदाराने हात वर केले. लहान मुलाची खुर्ची अशी मिळत नाही, पाठीची, मांडीची मापं लागतात, फिजिओथेरपिस्टकडून लिहून आणा. गुरुवारी मला मुख्य कार्यालयात काम होतं. मच्छिंद्र म्हणाला, “तुझं काम झालं की तिकडं ये. काय काय लिहून देत्यात, तू वाच.” मी गेलो. एका ट्रस्टने चालवलेलं केंद्र होतं ते. बाहेरच्या बाकावर स्नेहल, तिच्या शेजारी मच्छिंद्र, मांडीवर आदिनाथ. समोर एक शेतकरी बसला होता, पाथर्डीकडचा, नाव गोरक्षनाथ. त्याच्याजवळ पट्टे लावलेल्या चाकाच्या खुर्चीत त्याची मुलगी. तिची मान सावरत नव्हती, हात छातीशी आवळलेले होते.

“किती महिन्याची?” मच्छिंद्रने विचारलं.

“सात वरसाची हाय.”

“वय न्हाई हो. पोटात किती महिने हुती?”

“नऊ भरून वर चार दिवस,” गोरक्षनाथ म्हणाला. “तीन किलोची. नर्सबाई म्हनल्या, पैलवान आली. पन रडंना ना. रडायला लई येळ लावला, तेवढ्यात काय झालं आसंल ते झालं.”

मच्छिंद्र त्या मुलीकडे बघत राहिला. सेरेब्रल पाल्सीचं मूल दिसलं की तो महिने विचारायचा आणि मनात कुठेतरी मांडून ठेवायचा. हे मांडता येईना.

“नऊ भरून?” त्याने पुन्हा विचारलं.

“वर चार दिवस,” गोरक्षनाथने ते चार दिवस सोडले नाहीत. मग त्याने बारीक शीळ घातली. मुलगी सगळ्या अंगाने हसली. “हसायला मातर फुल्ल येतंय. आमच्या खटल्यात दुसऱ्या कुनालाच एवढं येत न्हाई. तुमचं काय?”

“सात महिन्याचं. दोन महिने कमी.”

“बोलतंय का?”

आदिनाथनेच उत्तर दिलं. “मी बोलतो. तुमच्या खुर्चीला ब्रेक कुठंय?”

गोरक्षनाथने त्याला ब्रेक दाखवला, मग मच्छिंद्रकडे बघून म्हणाला, “हात चालत्यात, तोंड चालतंय. मंग?”

तेवढ्यात आतून हाक आली.

फिजिओथेरपिस्ट क्रिस्टीना भिंगारदिवे तिशीची असेल. टेप घेऊन ती मापं घेऊ लागली. मापं घेता घेता तिने आदिनाथचे घोटे वाकवले, गुडघे हलवले, मांड्या दूर करून पाहिल्या. मग टेप टेबलावर ठेवली.

“घरी दिवसभर कुठे असतो हा?”

“आप्पांच्या खांद्यावर,” स्नेहल म्हणाली.

“आणि जमिनीवर?”

आदिनाथ म्हणाला, “जमिनीवर आप्पा असतात.”

खोलीच्या मधोमध दोन समांतर दांड्या होत्या, मुलाच्या कमरेएवढ्या उंच. क्रिस्टीनाने त्याला दोन दांड्यांच्या मध्ये आणलं, दोन्ही हात दांड्यांवर ठेवले, कमरेला मागून आधार दिला आणि हळूच आधार काढून घेतला. मच्छिंद्र झेपावला.

“आप्पा, हात खिशात!”

तिचा आवाज इतका करडा होता की मच्छिंद्रने खरंच हात खिशात घातले. मीही घातले.

आदिनाथ उभा होता. गुडघे वाकलेले, टाचा वर, पाय कात्रीसारखे एकमेकांकडे ओढलेले. पण त्याच्या अंगाला कुणाचाही हात लागलेला नव्हता. तो स्वतःकडे खाली बघत होता, उंचावरून बघावं तसा.

“आई, हे माझे पाय इथून दिसतात,” तो म्हणाला.

स्नेहल भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

क्रिस्टीनाने सांगितलं ते मी जसं समजलो तसं लिहितो. चालण्या-फिरण्याच्या बाबतीत अशा मुलांच्या पाच पातळ्या धरतात. पहिली सगळ्यांत हलकी, पाचवी सगळ्यांत अवघड. आदिनाथ तिसऱ्या पातळीवर. हातात आधार घेऊन चालू शकेल असा.

“तिसरा नंबर म्हंजे चांगला का वाईट?” मच्छिंद्रने विचारलं.

“शर्यत नाहीये आप्पा. तिसरा म्हणजे चालेल, पण काहीतरी धरून. आणि आजवर त्याला धरायला तुमच्या गळ्याशिवाय काही मिळालेलं नाही.”

“पन सात महिन्याचं हाय ओ बाई. बाहेर ती नऊ महिने भरलेली पोरगी, तिची ती गत. मंग ह्याची तर…”

“ते असं मोजत नाहीत,” क्रिस्टीना म्हणाली. “फार लोकांना वाटतं, जितकं लवकर जन्मलं तितकं जास्त अवघड. लवकर जन्मलेल्या मुलांना हा त्रास होण्याची शक्यता जास्त असते, हे खरं. पण झाला तर किती होईल, ते महिन्यांवर ठरत नाही. मेंदूत इजा कुठे झाली, किती झाली, त्यावर ठरतं. लवकर आलेल्या बाळांमध्ये बऱ्याचदा पायांकडे जाणाऱ्या वाटेवर इजा होते. पाय आखडतात, हात आणि बोलणं त्या मानाने वाचतं. दिवस भरलेल्या बाळाचा जन्मताना श्वास कोंडला तर कधी कधी सगळ्या अंगालाच झळ लागते. हा नियम नाही. उलटंही होतं. म्हणून प्रत्येक मूल तपासावं लागतं.”

मग मच्छिंद्रने जे विचारलं ते विचारायलाच तो पाच वर्षं जगत होता, असं मला वाटलं.

“बाई, मी लेकीला टेम्पोत आनलं हुतं.”

“कसल्या टेम्पोत?”

“मांडवाच्या. पारनेरहून. मागं पाइप हुते. रस्ता खराब. त्याच्यानं पोर लवकर झालं, आन त्याच्यानं ह्याचे पाय…”

“किती दिवसांनी झालं?”

“दोन आठवडं.”

क्रिस्टीना खुर्ची ओढून त्याच्या समोर बसली. “पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या बाया नवव्या महिन्यापर्यंत एसटीने येतात. त्या हिशेबाने सगळ्यांचीच मुलं अशी व्हायला हवीत. पाणी आधी का जातं, ते पुष्कळदा डॉक्टरांनाही सांगता येत नाही. पण दोन आठवड्यांपूर्वीच्या गतिरोधकाने जात नाही. ते मनातून काढा.”

“आणि आप्पा,” स्नेहल वळून म्हणाली, “टेम्पोत बसते म्हणून मीच म्हटलं होतं. तुम्ही जीप करतो म्हणत होतात. जीपमध्ये मला मळमळायचं. टेम्पोत समोरून वारा लागतो, म्हणून मीच बसले. विसरलात?”

“मी जीप करतो म्हनलो हुतो?”

“दोनदा.”

मच्छिंद्रने खिशातून हात काढले, परत घातले, परत काढले. शेवटी टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाला, “मंग पाच वर्सं मला कुनी सांगितलं का न्हाई?”

“तुम्ही विचारलंत कुठं? मला वाटायचं, ड्रायव्हर ठेवला तो डोळ्यांच्या त्रासाने.”

खुर्चीची मापं क्रिस्टीनाने लिहून दिलीच. पुढे मोठा झाला, लांबचं अंतर असलं तर खुर्ची लागू शकते, त्यात कमीपणा नाही, म्हणाली. पण आज नको. आज पायांना प्लॅस्टिकच्या पट्ट्या, घरी दांड्या आणि जमीन. दांड्या कुठे मिळतील, असं स्नेहलने विचारलं, तर मच्छिंद्र हसला. कितीतरी दिवसांनी हसला. “अगं, त्या तर आपल्याकडं गोडाऊनभर हायत.”

परतताना तो मला म्हणाला, “अय शाखाधिकारी, तुझ्या गाडीवर स्नेहलला घे. आमी दोगं टेम्पोतनं येतो. ड्रायव्हर भाजीमार्केटला माल घेऊन आलाय.” आजोबा आणि नातू केबिनमध्ये बसून सोनईला आले. आदिनाथला हॉर्न वाजवायला मिळाला. घोडेगावपर्यंत मी त्यांच्या मागे होतो, तो हॉर्न थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गोडाऊनमध्ये दांड्या उभ्या राहिल्या. मच्छिंद्रने केलेलं काम, त्यामुळे प्रत्येक खांबाला चारही बाजूंनी दोर. आत जायला वाटच राहिली नाही. आक्काबाई म्हणाली, “पोराला काय व्यायाम करायचाय, का त्याचं लगीन लावायचंय?” दोन दोर निघाले. दांड्या खूप उंच झाल्या होत्या, आदिनाथ धुण्यासारखा लोंबकळला. त्या क्लॅम्प सोडून खाली घेतल्या. आणि मग मच्छिंद्रने खाली गाद्या टाकल्या. मांडवातल्या, लग्नात वऱ्हाडाला देतात त्या. एकावर एक तीन थर. भिंतींनाही उभ्या लावल्या.

तीन आठवडे आदिनाथ गादीवर उभा राहायचा आणि बसायचा. उभा राहायचा आणि बसायचा. एक पाऊल पुढे जाईना. मच्छिंद्रचा चेहरा पुन्हा उतरू लागला. “बाई म्हनली खरं, पन कच्चंच हाय ते,” असं एकदा माझ्या ओट्यावर येऊन बोललाही. खुर्चीचा कागद स्नेहलकडून मागून घेतला होता त्याने. मी म्हटलं, एकदा बाईंना दाखव तरी. स्नेहलने मोबाईलवर व्हिडिओ काढून पाठवला. पाच मिनिटांत क्रिस्टीनाचा फोन.

“खाली काय टाकलंय ते?”

“गाद्या हायत बाई. नव्या हायत, धुतलेल्या.”

“नव्या असोत नाहीतर जुन्या, काढा. तुम्ही मऊ गादीवर उभं राहून बघा बरं. पाय आत जातो. ज्याचे पाय चांगले आहेत त्याचासुद्धा तोल जातो. हा बिचारा तीन आठवडे चिखलात उभा आहे.”

“फरशीवर पडंल की ओ.”

“पडेल.”

“दोर लावू का कमरंला? वरून?”

“आप्पा, तुमचा खांब पडतो तेव्हा हात पुढे करतो का?”

“खांबाला हात कुठले?”

“याला आहेत. पडताना हात पुढे करायचे, हे त्याला शिकू द्या. त्यासाठी त्याला पडावं लागेल. आणि तुमचे हात?”

“खिशात,” मच्छिंद्र म्हणाला.

गाद्या काढल्या त्या दिवशी मी सुट्टीवर होतो, समोरच बसलो होतो. शहाबादी फरशी झाडून कोरडी केली. आदिनाथच्या पायांना नव्या पट्ट्या. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकताना एका हाताची पकड सुटली आणि तो आडवा झाला. हनुवटीला खरचटलं. मोठ्याने रडला. स्नेहल जागची हलली नाही, पण तिची मूठ तोंडाशी गेली. मच्छिंद्रचे दोन्ही हात विजारीच्या खिशात होते आणि खिसे आतून असे ताणले होते की शिवण उसवते की काय असं वाटावं. तो पुढे गेला नाही. फक्त म्हणाला, “अरं, मानूस पडला तर उठतो.”

“आप्पा, उचला ना.”

“हात अडकल्यात माझे.”

“खोटं!”

“व्हय, खोटं हाय. तू ऊठ.”

रडत, शिव्या देत (त्या त्याने मांडवाच्या गड्यांकडून शिकल्या होत्या) आदिनाथने दांडीचा खालचा पाइप धरला, गुडघ्यावर आला आणि उभा राहिला. त्या दिवशी तो बरेच वेळा पडला. संध्याकाळी दांडीच्या दुसऱ्या टोकाला पोचला. मच्छिंद्र माझ्या ओट्यावर येऊन बसला, पाणी मागितलं आणि प्यायलाच विसरला. म्हणाला, “आज चार मांडव उभं केल्यासारकं अंग दुखतंय. आन म्या कायच केलं न्हाई.”

त्या उन्हाळ्यात लग्नसराई जोरात होती. मच्छिंद्र सकाळचा वेळ मात्र कुणाला देत नसे. काढलेल्या पैशांतून पट्ट्या झाल्या, पुढे चाकांचा वॉकर झाला, उरलेले त्याने खात्यावर परत भरले. एका रविवारी मनकर्णाबाई हर्षलबरोबर आल्या. आदिनाथ वॉकर ढकलत दारापर्यंत गेला. त्या बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, “येळवंडे पाव्हणं, ह्यो तर चालतोय की!”

“व्हय,” मच्छिंद्र म्हणाला. “खांबच हाय. पन चालता.”

मनकर्णाबाईंना ते कळलं. त्या हसल्या, डोळ्याला पदर लावला आणि आत जाऊन आक्काबाईला म्हणाल्या, “लई टोचून बोलले हुते मी.” हे मला नंतर आक्काबाईने सांगितलं. आता हर्षलची बदली जमते का बघताहेत. तोवर स्नेहल आणि आदिनाथ इथेच.

जून २०२५ मध्ये आदिनाथ आमच्या गल्लीजवळच्याच शाळेत पहिलीला गेला. वर्गात वॉकर ठेवायला जागा कोणाच्या बाकाशेजारी, यावरून पोरांची भांडणं झाली, कारण ज्याच्या शेजारी वॉकर, त्याला मधल्या सुट्टीत तो ढकलायला मिळे. गुडघे अजून वाकतात. थंडीत पाय जास्त आखडतात. पुढे कदाचित शस्त्रक्रिया लागेल, असं क्रिस्टीना म्हणते. घरात भिंत धरून तो वॉकरशिवायही दोन-चार पावलं जातो. तिसरी पातळी ती तिसरीच राहील, दुसरी होणार नाही, हेही तिने स्पष्ट सांगितलेलं आहे. मच्छिंद्रला आता त्याचं काही वाटत नाही.

आता नोव्हेंबरमधली गोष्ट. शनिवार होता, शाळा सकाळची, मी जेवून ओट्यावर पेपर घेऊन बसलो होतो. पण पेपर तोंडावर घेऊन डुलकी लागली असावी. समोरून मच्छिंद्रची हाक आली.

“आदू कुठंय?”

स्नेहल आतून आली. “तुमच्याजवळ नाही?”

“माझ्याजवळ? मी पाइप मोजतोय. आईनं नेला का?”

आक्काबाई बाहेर आली. तिने नेला नव्हता. गडी म्हणाले, आम्ही नाही. मला विचारलं, मी नाही म्हटलं. मच्छिंद्रने गोडाऊनमध्ये खुर्च्यांच्या थप्प्यांमागे पाहिलं, टेम्पोत पाहिलं. “कुनी उचलून नेला? कुनी उचलला माझा पोरगा?” त्याचा आवाज फाटला. गल्लीत सगळे बाहेर आले. जो तो एकमेकाला विचारत होता, कोणी नेला. तो गेला असेल, असं कुणाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

गोडाऊनच्या दाराशी ठेवलेला वॉकर जागेवर नव्हता, हे आधी स्नेहलने पाहिलं. “आप्पा,” ती म्हणाली, “वॉकर नाहीये.”

मच्छिंद्र थांबला. मग गल्लीच्या कोपऱ्याकडे चालू लागला. धावला नाही, चालला. आम्ही मागे. कोपऱ्यावर श्रीमंतचं किराणा दुकान आहे. दुकानापुढे वॉकर उभा होता आणि शेंगदाण्याच्या पोत्यावर आदिनाथ बसला होता. हातात चिक्की.

“कुनी आनलं तुला?” मच्छिंद्रने विचारलं.

“मी आलो.”

“रस्त्यात गाडी आली आसती म्हंजे?”

“आली होती. मी थांबलो. मग ती गेली. मग मी आलो.”

मच्छिंद्र पोत्याजवळ खाली बसला. उचलायला हात पुढे गेले होते, ते त्याने गुडघ्यांवर ठेवले. त्याला हसू येत होतं की रडू, ते सांगता येत नाही. खांदे हलत होते. आदिनाथने चिक्कीचा एक तुकडा तोडून त्याच्यापुढे धरला. त्याने तो खाल्ला.

“सांगून जायचं रं बाळा,” थोड्या वेळाने तो म्हणाला. “आता तू जातोस, तर सांगून जायचं.”

मग त्याने शर्टाच्या खिशात हात घातला. “श्रीमंत, किती झालं?”

“तुमचं काय बी न्हाई,” श्रीमंत गल्ल्यामागून म्हणाला. “गिऱ्हाईक सोताच्या पायानं आलं, सोताच्या नावावर उधारी मांडून घेतली. तुमी मधी पडू नका.”

“आप्पा, मी देणार आहे,” आदिनाथ म्हणाला. “रविवारी बाबा आले की.”

मच्छिंद्रने पैसे परत खिशात ठेवले. आदिनाथ पोत्यावरून घसरत उतरला, वॉकर धरला आणि घराकडे निघाला. आम्ही सगळे त्याच्या चालीने मागून चाललो. त्याला वेळ लागतो, त्यामुळे आम्हालाही लागला.

त्या रविवारी हर्षलला सुट्टी मिळाली नाही, पुढच्या रविवारी आदिनाथ विसरला. श्रीमंतच्या दुकानात त्याच्या नावावर पंधरा रुपये अजून बाकी आहेत.